एक्केचाळिसावी हरकत

माझ्या ऑफिसला एकच खिडकी आहे आणि ती उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. हात लांब केला तर बोटं भिंतीला लागतात. तिथं बसून मी दिवसभर डोंगराचे नकाशे काढते. हसायला आलं ना? मलाही पहिले दोन महिने यायचं.

खाली स्टेशनरीचं दुकान, वर आम्ही. दारावर ‘प्रादेशिक भू-उद्यान प्रकल्प’ अशी पाटी, पण तोंडानं सगळे जिओपार्कच म्हणतात. आधी मी मोजणी खात्यात नकाशे गिरवणारी ट्रेसर होते. साहेबांनी मला मागून घेतलं, कारण माझं माहेर वरचं. वर म्हणजे डोंगरावर. तिथले लोक कधीपासून राहतात ते त्यांनाही ठाऊक नाही, आणि खालच्या शहरानं कधी विचारलंही नाही. शहराच्या लेखी ते ‘वरचे’, आणि त्यांच्या लेखी लग्न करून शहरात आलेली मी ‘खालची’. म्हणजे माझी दोन्हीकडून बोंब.

साहेब भूगर्भशास्त्रज्ञ. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच त्यांच्या नावानं बोटं मोडत बसाल. दगड बघितला की त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होतो. “मॅडम, आपला डोंगर चाळीस कोटी वर्षांचा आहे,” असं ते मला आठवड्यातून एकदा तरी सांगतात. आपला! येऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि आपला. पण मनापासून म्हणतात, त्यामुळे धड चिडताही येत नाही.

जिओपार्क म्हणजे काय, तर डोंगराला हद्द आखायची, आत पायवाटा काढायच्या, ठिकठिकाणी फलक लावायचे, एक मोठं गेट आणि माहिती केंद्र बांधायचं, आणि बाहेरच्या लोकांनी येऊन दगड बघायचे. वरच्यांनी मात्र त्याच दगडाला हात लावायचा नाही. माझा मामा आणि वस्तीतले निम्मे पुरुष दगडाच्या फरशा काढतात, छपरांसाठी, अंगणांसाठी. ते बंद. गुरं ठरावीक पट्ट्यातच चारायची. सरपण विचारून तोडायचं. पहिल्याच बैठकीत मामानं उठून विचारलं, “आम्ही डोंगरावर राहायचं का तुमच्या फलकावर?” सगळे हसले. साहेबही हसले, त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, आणि पुढं काही झालं नाही.

मसुद्याचा नकाशा लागला. हरकतींना तीस दिवस. मामानं दीडशे सह्यांचा अर्ज आणून दिला, तो मीच आवक रजिस्टरला चढवला. आठ दिवसांत उत्तर आलं, एका ओळीचं: हरकत सर्वसाधारण स्वरूपाची असल्याने निकाली काढण्यात येत आहे. नियमच तसा होता. हरकत घ्यायची तर जागा दाखवायची. नकाशावर ठिपका, फॉर्ममध्ये कारण. अख्खा डोंगर आमचा आहे असं म्हणायला त्या फॉर्मात रकानाच नव्हता.

मामा ऑफिसात येऊन माझ्यावर ओरडला. “तूच काढलास ना नकाशा? मग तूच पूस!” जसं काही माझ्या ड्रॉवरमध्ये खोडरबर होतं आणि मी ते मुद्दाम दडवून ठेवलं होतं. मीही आवाज चढवला. शेवटी साहेबांनी मध्ये पडून दोघांना चहा पाजला, आणि मामा चहा पिऊन आणखीच चिडला, कारण चहा चांगला होता.

इथवर मी तशी सुरक्षित होते. नोकरी खालची, माणसं वरची, दोघांचे टोमणे खायचे आणि संध्याकाळी घरी जायचं. मग एका सोमवारी साहेबांनी मार्ग क्रमांक चारची आखणी माझ्या हातात दिली. मी ती स्क्रीनवर टाकली आणि माउसवरचा हात काढून घेतला.

आता हे सांगायलाच हवं. वरच्यांमध्ये जी मुलं नाव ठेवायच्या आत जातात त्यांना एका जागी नेऊन ठेवतात. ती जागा फक्त बायकांना माहीत असते. मुलगी लग्नाची झाली की आई नाहीतर मावशी एकदा तिला तिथून नेते. काही बोलत नाही, नुसता हात दाबते. त्या जागेबद्दल बोलायचं नाही, तिकडं बोट करायचं नाही, तिच्या जवळून वाट पाडायची नाही, आणि आपलं मूल ठेवून आल्यावर त्याच्यासाठी पुन्हा जायचं नाही. ती दिसते कशी ते मी तुम्हाला सांगणार नाही. माझं आधीच पुष्कळ सांगून झालंय.

माझी मुलगी तिथं आहे. बारा वर्षं झाली. दोन दिवसांची होती. वस्तीतली सुईण म्हणजे माझी मावशीच, आईची धाकटी बहीण. तिनं तिला नेलं, आणि मी टाके ओले असताना मागून चालत गेले. नवऱ्याला वस्तीच्या शेवटच्या घरापाशी थांबवलं. तो शहरातला, चष्म्याच्या दुकानात काम करणारा, त्या बिचाऱ्याला यातलं काय ठाऊक. परत आले तेव्हा त्यानं विचारलं, “कुठं?” मी म्हणाले, “वर.” तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला तो एकदा विचारतो आणि मी तेच उत्तर देते. एकदा म्हणाला होता, “अगं, माझी पण होती ती.” मी भांडी घासत राहिले. त्या दिवशी मला माझाच राग आला. पण नाही सांगितलं.

तर मार्ग क्रमांक चार तिथूनच जात होता. नुसता जात नव्हता, तिथं थांबत होता. समोरच्या कड्यात खडकाच्या दुमडलेल्या थरांची मोठी घडी आहे, ती नीट दिसावी म्हणून साहेबांनी बरोबर त्या जागेवर एक ओटा दाखवला होता, लोकांनी उभं राहून फोटो काढायला.

“साहेब, इथून चढ फार होईल,” मी म्हणाले.

“चार टक्के. व्हीलचेअर जाईल.”

“पावसात घसरतं तिथं.”

“नाही हो. खाली पक्का खडक आहे. अख्ख्या मार्गात इतकी चांगली जागा नाही.”

“गुरं येतात.”

“ड्रोनच्या फोटोत एकसुद्धा पाऊलवाट नाही, मॅडम. बघा ना, वरचे लोकही इकडं फिरकत नाहीत. म्हणजे कुणाला त्रासच नाही!”

मी जितकी कारणं देत होते तितकी ती जागा त्यांना जास्तच आवडत चालली होती. मी ‘बरं’ म्हणाले, ती रेघ काढली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून पाच मिनिटं उभी राहिले.

रविवारी वर गेले. मामा अंगणात छिन्नीला धार लावत बसला होता. वरच्यांचा पुढारी तो, भांडायचं तर त्यानंच. पण पुरुष. त्याला कसं सांगू?

“मामा, चार नंबरचा मार्ग अडव.”

“अडवतो. जागा सांग.”

“जागा नको विचारू. दे काहीतरी कारण.”

“काहीतरी म्हणजे सर्वसाधारण,” मामा म्हणाला. हा शब्द आता त्याच्या तोंडात पक्का बसला होता, शिवीसारखा वापरायचा. “सर्वसाधारण निकाली काढतात. तुला तर माहीत असायला पाहिजे, तूच शिक्का मारतेस.”

मी तशीच घराच्या मागं गेले. मावशी कपडे वाळत घालत होती. मी म्हणाले, “मावशी, रस्ता तिथून जातोय.” एवढंच. तिच्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं. नंतर तिनं ते झटकलं, दोरीवर टाकलं, टोकं सारखी केली आणि मग विचारलं, “आता?”

आता म्हणजे काय, ते मी बसमध्येच ठरवून आले होते. मी स्वतःला फार हुशार समजते, हा माझा जुना रोग आहे. नियम असा होता की एका हरकतीच्या ठिपक्याभोवती शंभर मीटरचं वर्तुळ काढायचं, आणि निकाल लागेपर्यंत त्या वर्तुळात कुदळ मारायची नाही. मी मावशीला म्हणाले, “चाळीसजणी घेऊन ये. चाळीसजणींनी चाळीस जागा दाखवायच्या, सगळ्या खोट्या. मार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून टाकू. दोघींनी आजूबाजूला ठिपके दिले की मधलं आपोआप झाकलं जाईल. त्या जागेचं नावसुद्धा निघणार नाही.”

“खोटं बोलायचं?”

“फॉर्मवर.”

मावशीनं जरा विचार केला. “फॉर्मवर चालतंय,” ती म्हणाली.

शुक्रवार हरकतींचा शेवटचा दिवस. सकाळच्या बसनं एकवीसजणी आल्या, दुपारच्या बसनं एकोणीस. जिना भरला. स्टेशनरीवाला वर येऊन बघून गेला. साहेबांना तर आनंद मावेना. “लोकसहभाग!” असं म्हणत त्यांनी स्वतः शेजारच्या ऑफिसातून खुर्च्या उचलून आणल्या. मी मोठा नकाशा टेबलावर पसरला. एकेक बाई यायची, बोट ठेवायची, मी ठिपका द्यायचे आणि फॉर्म भरायचे. लिहिता बहुतेकींना येतं, पण फॉर्मची भाषा येत नाही, म्हणून कारण मीच लिहीत होते. सदर ठिकाण आमच्या घराण्याच्या जुन्या वहिवाटीचे असून तेथून मार्ग नेऊ नये. चाळीस वेळा तेच वाक्य. मान मोडून आली.

मजाही आली, खोटं कशाला बोलू. एका आजीबाईंनी निळ्या भागावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “इथं माझी सासू बसायची.”

“आजी, ते तळं आहे.”

“मग पाय सोडून बसायची!”

सगळ्या खो खो हसल्या. मावशीसुद्धा हसली. दुपारभर त्या खोलीत इतकं मोकळं वाटलं की मला वाटलं, जिंकलोच.

चार वाजता शेवटचा ठिपका झाला. मी सगळे आकडे संगणकात टाकले आणि वर्तुळं काढायची आज्ञा दिली. मार्ग क्रमांक चार टोकापासून लाल होत गेला. लाल, लाल, लाल, आणि मध्ये एक पांढरी जागा.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पांढरीच. चाळीसजणींपैकी एकीनंही तिथं बोट ठेवलं नव्हतं, आणि आजूबाजूलाही नाही. ठेवणार कशी? जन्मात कुणी तिकडं बोट केलेलं नाही. खोटं दाखवतानासुद्धा बोट तिथं पोचायच्या आत वळून जात होतं. आणि मी? दोघीतिघींना मी स्वतःच म्हणाले होते, “जरा इकडं घ्या, अजून इकडं घ्या.” आम्ही सगळ्यांनी मिळून ती जागा कंपासनं काढावी तशी नेमकी काढून ठेवली होती.

मागं साहेब येऊन उभे राहिले होते, चहाचा कप घेऊन.

“अरे वा,” ते म्हणाले. “म्हणजे एवढा एकच तुकडा बिनहरकत. मग प्रश्नच मिटला! नुसता ओटा कशाला, गेट आणि माहिती केंद्र दोन्ही इथंच घेऊ. पाया खणायला खडकही पक्का आहे.” आणि माझ्या खांद्याशी वाकून, अगदी प्रेमानं, “तुमच्या माणसांच्या चाळीस जागा वाचल्या बघा, मॅडम.”

पाया खणायला.

मी उठून बाहेर गेले. बायका बसस्टॉपकडे निघाल्या होत्या. मावशी जिन्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्यापुढं खाली पायरीवर बसले आणि तिला सांगितलं. ती जागा उघडी राहिलीय, तिथं गेट येतंय, खणणार आहेत, अजून पन्नास मिनिटं आहेत, एक ठिपका दिला तर थांबेल.

“नाही,” मावशी म्हणाली.

“मावशी, खणणार आहेत!”

“खणू देत. त्यांना माहीत नाही. माहीत नसताना माणूस कशावरही पाय देतो, त्याचा दोष नाही. आपण दाखवलं नाही म्हणजे झालं.”

“तिथं तिकीट फाडतील, मावशी. तिच्या अंगावर उभं राहून तिकीट फाडतील.”

“हळू बोल.”

“तुझी पण दोन आहेत तिथं.”

हे मी बोलायला नको होतं. मावशीनं माझ्याकडं बघितलं, पिशवी काखेत मारली आणि कठड्याला धरून उभी राहिली. “तुझ्या आईनं तुझा हात दाबला होता ना?” ती म्हणाली. “मग झालं तर. साडेचारची बस गेली तर उद्यावर जाईल.” आणि एकेक पायरी उतरत निघून गेली.

मी परत खुर्चीत येऊन बसले. समोर पांढरं वर्तुळ, बाजूला खिडकी, खिडकीत भिंत. सांगितलं तर मी गेले, नाही सांगितलं तर ती गेली. साहेब आतल्या खोलीत कुणाशी तरी फोनवर बोलत होते, हसत होते. भिंतीवरचं घड्याळ साडेचार दाखवत होतं, मग पाचला दहा कमी. मला वाटलं की पाच वाजून जाऊ द्यावेत, म्हणजे माझ्या हातात काही राहणार नाही. खरंच वाटलं. पाय खुर्चीभोवती गुंडाळून मी बसून राहिले होते. आणि मग तो दोन दिवसांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर आठवला नाही, नुसती टोपडं घट्ट बांधलेली हनुवटी आठवली. मी कोरा फॉर्म ओढला.

कारणाच्या रकान्यात लिहिलं: इथे माझी मुलगी आहे. खणू नका.

खाली सही केली, आवक शिक्का मारला, चार वाजून बावन्न मिनिटं अशी वेळ घातली. मग नकाशावर बोट ठेवलं. बोट वळून जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं. ठिपका क्रमांक एक्केचाळीस. पांढरं होतं ते लाल झालं.

पुढच्या सोमवारी साहेबांनी आत बोलावलं. त्यांच्यासमोर दोन गठ्ठे होते. एका गठ्ठ्यात चाळीस फॉर्म, दुसऱ्यात एक.

“मॅडम, या चाळीस जणींचं अक्षर एक, वाक्य एक. आता मी काय समजायचं?”

मी वरचा फॉर्म उगाच सरळ केला.

“एकसारख्या हरकती एकत्र करून निकाली निघतात. नियम आहे, माझा इलाज नाही.” मग त्यांनी तो सुटा फॉर्म उचलला. “पण ही मी शनिवारी घरी नेऊन वाचली. चार-पाच वेळा वाचली. खरी कोणती ते कळतं हो माणसाला.” त्यांनी पेन्सिल उचलून नकाशावरचं गेट खोडलं. “गेट हलवलं. ओटा रद्द. मार्गसुद्धा दोनशे मीटर लांबून नेऊ. ही जागा राखीव. माझा शब्द.”

मला रडू फुटलं. खुर्चीत बसून मी हमसून हमसून रडले आणि साहेब टेबलावरची पाण्याची बाटली उगाच इकडून तिकडं सरकवत राहिले. बारा वर्षांत तिच्यासाठी मी एवढं एकच केलं होतं.

“भोवती कुंपण घालू,” मी शांत झाल्यावर साहेब म्हणाले. “म्हणजे चुकून कुणाचा पाय पडायला नको. आणि एक फलक. साधा, आदरानं लिहिलेला. ही जागा कशाची आहे, इथली माणसं काय मानतात.”

“फलक नको, साहेब.”

“फलकाशिवाय कुंपण कशाला आहे ते कसं कळणार? लोकांना कळलं तर लोक जपतात.”

“नको. कुंपण पण नको. नुसतं सोडून द्या.”

“नुसतं सोडून द्यायची सोय नाही, मॅडम.” त्यांना खरंच वाईट वाटत होतं. “राखीव म्हटलं की यादीत नोंद, नकाशात खूण, जागेवर फलक. हे तिन्ही नसेल तर ती राखीव नाही. आणि राखीव नाही तर मुख्य ऑफिस गेट तिथंच टाकणार, तुमची हरकत निकाली काढून. मी काय करू, सांगा.”

त्यांनी मला आठवडाभर विचार करायला दिला. मी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं, पान पान. कुठं फटसुद्धा नव्हती. आठवड्यानं मी स्वतःच नकाशात खूण टाकली, बारीक काळा चौकोन, आणि यादीत तिसऱ्या क्रमांकावर नोंद केली. फलकाचा मजकूर साहेबांनी लिहिला. चांगला लिहिला होता.

यादी नोटीस बोर्डावर लागली. नवऱ्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. त्या संध्याकाळी घरी येताना त्यानं ती वाचली, आणि रविवारी सकाळी बूट घालून निघून गेला. दुपारी परतला तेव्हा गुडघ्यापर्यंत धूळ होती.

“बसलो थोडा वेळ,” तो म्हणाला.

“तिथं बसायचं नसतं.”

“मला कुणी सांगितलं होतं?”

मी त्याला पाणी दिलं. दोन महिन्यांनी ती तारीख आली. त्यानं काही विचारलं नाही, उलट माझ्यासाठी चहा केला. त्याचं एवढं तरी भलं झालं, असं मी स्वतःला सांगते.

वर जायला मात्र माझे पाय उचलत नव्हते. गेले एकदाची. मामानं अंगणातूनच आरोळी ठोकली, “आली गं आमची वाघीण! दीडशे सह्यांनी जे झालं नाही ते एका सहीनं केलंस!” सात-आठ बायका धान्य निवडत बसल्या होत्या. मामा आपल्या आनंदात. त्यानं छिन्नी धरलेला हात उचलला आणि सरळ तिकडं रोखला. “त्या घडीच्या कड्यासमोर ना? यादीत वाचलं आम्ही. आम्हाला इतकी वर्षं पत्ताच नाही बघ!”

एकाही बाईनं मान वर केली नाही. त्यांची बोटं सुपात तशीच फिरत राहिली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मावशी मागच्या बाजूला होती. मी तिच्याजवळ बसले. ती धान्य पाखडत राहिली.

“तू तिच्यासाठी केलंस,” शेवटी म्हणाली.

“सगळ्यांसाठी केलं, मावशी.”

“नाही. तिच्यासाठी. आई होतीस, केलंस. मी नावं ठेवत नाही.” तिनं हाताला लागलेला कोंडा झटकला. “पण आता पुढचं कुणाचं गेलं तर कुठं न्यायचं?”

ती माझ्या उत्तरासाठी थांबलीही नाही, उठून आत गेली.

पुढचं मामाच्या सुनेचं गेलं. चार दिवसांचा मुलगा. मला दुपारी फोन आला, मी हातातलं काम टाकून बस पकडली. पोचले तेव्हा बायका परत आल्या होत्या, नळापाशी उभ्या होत्या. पलीकडच्या वाटेनं आल्या असाव्यात, की वरच्या अंगानं, मला कळायला मार्ग नव्हता. मी हावऱ्यासारखं त्यांच्या पायांकडं बघितलं, लाल माती आहे का काळी. डोंगराची माती मला मीटरमीटरनं पाठ आहे, रंग दिसला असता तरी अंदाज आला असता. पाय धुऊन झाले होते. मावशी शेवटची होती, तिनं माझ्यासमोर तांब्या पायांवर ओतला, आणि पाणी सिमेंटवरून नालीत गेलं. मामाची सून भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण माझ्याकडं बघितलंही नाही.

नवी जागा झाली आहे. वस्तीतल्या प्रत्येक बाईला ती माहीत आहे. मला नाही.

आता मार्ग क्रमांक पाच आलाय. डोंगराच्या पाठीमागून जातो, सात किलोमीटर, तीन ओटे, एक पूल. गेल्या रविवारी मी त्याचा छापील नकाशा घेऊन मावशीकडे गेले. उन्हात घोंगडी टाकून ती शेंगा सोलत होती. मी नकाशा तिच्यापुढं पसरला, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि रेघेवरून बोट न्यायला लागले, सावकाश, तिच्या तोंडाकडं बघत.

“मावशी, इथून नेऊ का?”

“ने.”

“आणि इथून?”

“ने.”

मी बोट आणखी पुढं नेलं. ओढा, मग उतार, मग मोकळं माळरान. तिच्या डोळ्याचं पातं लवलं नाही. हात शेंगा सोलत होते, दाणे सुपात पडत होते.

“मावशी, बघ ना गं नीट. नाहीतर वळसा घालून नेते, माझ्या हातात आहे. एकदा फक्त नाही म्हण. कुठं ते नको सांगू, नुसतं नाही म्हण.”

“ने की,” मावशी म्हणाली. “तुला कोण अडवतंय?”

मी रेघेच्या शेवटपर्यंत गेले. तिथून परत सुरुवातीपर्यंत आले. तिनं सूप उचललं, पाखडलं आणि आत निघून गेली. मी खडे काढले, नकाशाची घडी केली. सोमवारी मार्ग क्रमांक पाच पुरा करून साहेबांच्या टेबलावर ठेवला.